कोंबडी अंडं देत नाहीये: आधी काय बघायचं, मग काय करायचं

हौसेने चार-सहा कोंबड्या पाळल्या की कधीतरी हे होतंच. अंडी घालायचा खोका रिकामा असतो, किंवा त्यात कवचाविना लिबलिबीत काहीतरी पडलेलं असतं, किंवा एखादी कोंबडी शेपूट पाडून कोपऱ्यात उभी असते. नवखा माणूस तिन्ही वेळा एकच करतो, कोणतं औषध द्यायचं ते शोधत बसतो. पहिल्या दोन वेळी औषधाची बहुधा गरजच नसते. तिसऱ्या वेळी शोधाशोधीत गेलेली संध्याकाळ कोंबडीच्या जिवावर बेतू शकते.

माझ्याकडच्या कोंबड्यांच्या या सगळ्या तऱ्हा निस्तरताना जो क्रम बसला, तो इथे देतोय. आधी कोंबडी बघायची, मग अंडं, मग उजेड-पाणी-खाद्य आणि औषध सगळ्यात शेवटी. तुमची कोंबडी आत्ता कुंथत असेल तर बाकीचं नंतर वाचा, सरळ पायरी ३ वर जा.

## १. अडचण येण्याआधी जवळ ठेवायच्या वस्तू

- वेगळा पिंजरा किंवा मोठं खोकं: आजारी कोंबडीला बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवता आलं पाहिजे.
- पोटापर्यंत पाणी येईल असं टब आणि पाण्याचं तापमान बघायला थर्मामीटर.
- वापरून टाकायचे हातमोजे, दोन-तीन जुने टॉवेल.
- पाण्यात विरघळणारी वंगण जेली.
- जखमा धुवायला सलाइन.
- टॉर्च: हा रात्री लागतो, कशाला ते पुढे येईल.
- वजनकाटा: पिसांमुळे कोंबडी रोडावलेली दिसतच नाही, आकडाच खरं सांगतो.
- शिंपल्यांचा चुरा आणि तो ठेवायला खाद्यापासून वेगळं भांडं.
- एक वही.

वहीत फार काही लिहायचं नाही. तारीख, किती अंडी, कवच कसं होतं, कोणती कोंबडी खुडूक (अंडी उबवायला बसलेली) आहे, कोणाची पिसं झडतायत, खाद्याची पिशवी कधी बदलली. महिन्याभरातच तुम्हाला प्रत्येक कोंबडीची लय कळायला लागते. ती कळली की ‘दोन दिवस अंडं नाही’ या वाक्याला अर्थ येतो. त्याआधी तो नुसता घोर असतो.

आणखी एक, कोंबडी तपासणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे अनेक दवाखाने कोंबडी घेत नाहीत, आणि हे आपल्याला कळतं ते नेमकं अडचणीच्या रात्री.

## २. अंडं आत कसं तयार होतं, एवढं समजून घ्या

कोंबडीचा साधारणपणे फक्त डावा अंडाशय आणि डावी अंडनलिका काम करते. अंडाशयातून बलक सुटतो आणि नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथून पुढे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा भाग जमतो, तासाभरात पातळ पापुद्रे चढतात, आणि मग अंडं जवळजवळ वीस तास कवचाच्या कप्प्यात थांबतं. एकूण वेळ २४ ते २६ तास.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चक्र चोवीस तासांहून थोडं मोठं असल्यामुळे अंडं रोज जरा उशिरा येतं. वेळ सरकत दुपारवर गेली की कोंबडी एक दिवस सोडते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. म्हणजे मधला खाडा हा आजार नाही. रोज अंडं देणारी कोंबडीही कधीतरी खाडा करतेच.

दुसरी, कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी खुराड्यातल्या दांडीवर झोपलेली असताना. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. तेवढं पोटात नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मऊ कवच, अडकलेलं अंडं, दुखरे पाय या तक्रारी बऱ्याचदा इथेच जुळलेल्या असतात.

## ३. आधी ठरवा: हे तातडीचं आहे का?

अंडी किती आली ते क्षणभर विसरा. कोंबडी बघा. ती दाणे टिपतेय, उकरतेय, धूळस्नान करतेय, तुरा लाल आहे, दांडीवर नीट चढतेय? मग घाई नाही, सरळ पायरी ६ वर जा.

पण पुढचं काही दिसलं तर तासांचा हिशेब सुरू झाला असं समजा:

- ताठ उभी राहते, शेपूट खाली पडलेलं, मागचा भाग जमिनीकडे झुकलेला. (याला पेंग्विनसारखं उभं राहणं म्हणतात, एकदा पाहिलंत की पुन्हा ओळखायला चुकत नाही.)
- शेपूट श्वासागणिक वरखाली होतंय, मधूनमधून कुंथतेय.
- पुन्हा पुन्हा खोक्यात जाते आणि रिकामी बाहेर येते.
- खाणंपिणं बंद, डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुलवून एका जागी.
- शीट होत नाही, किंवा नुसतं पांढरट पाणी गळतं.
- चालताना पाय फाकवते, लंगडते किंवा उठतच नाही.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की अंडं अडकल्याचा संशय घ्या. अडकलेलं अंडं आतून मूत्रमार्ग, आतडं आणि पायाकडे जाणाऱ्या नसा दाबतं. शीट तुंबते, अंगात विष भिनायला लागतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कोंबडी जाऊ शकते, आणि आपल्याला लक्षणं दिसेपर्यंत त्यातले काही तास आधीच गेलेले असतात. कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी दुबळी दिसते तिला बाकीच्या टोचतात, त्यामुळे पायावर उभं राहता येतंय तोवर ती काही झालंच नाही असं वागते.

## ४. अंडं अडकलंय असं वाटलं तर

सगळ्यात आधी डॉक्टरांना फोन करा आणि येतोय म्हणून कळवा. कोंबडी धापा टाकत असेल, मान टाकली असेल किंवा उभीच राहत नसेल तर घरचे उपाय करत बसू नका, तशीच घेऊन निघा. ती हुशारीत असेल आणि दवाखाना गाठायला वेळ लागणार असेल, तर तोवर हे करा.

अ. हात लावून बघा, पण दाबू नका. कोंबडीला टॉवेलात गुंडाळून काखेत धरा. मागच्या बाजूला, गुदद्वाराच्या दोन्हीकडे दोन बारीक टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये आणि खाली बोटाने अलगद चाचपा. कडक, गोलसर काही लागलं तर अंडं आहे. काही लागलं नाही म्हणून अंडं नाही असं मात्र होत नाही. मऊ कवचाचं अंडं हाताला लागत नाही, आणि अडकतात बऱ्याचदा तीच, कारण स्नायूंना धरायला कडक काही मिळत नाही.

आ. कोमट पाण्यात बसवा. पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस. आपल्या हाताला ते ऊन लागतं, पण कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं. पाणी पोटापर्यंत आलं पाहिजे, पाठीवर नको. १५ ते २० मिनिटं. बहुतेक कोंबड्या पहिल्या मिनिटाला फडफडतात आणि मग चक्क डुलक्या घ्यायला लागतात. पाणी निवलं तर थोडं गरम घाला.

इ. पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी थंडीने गारठते आणि सगळी मेहनत वाया जाते. टॉवेलने टिपा, मग हेअर ड्रायर मंद आणि लांब धरून.

ई. वंगण. हातमोजा घालून गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत जेली लावा. खाद्यतेल घशात ओतू नका. तोंडातून दिलेलं तेल अंडनलिकेत जात नाही, ते पोटात जातं आणि चुकलं तर श्वासनलिकेत.

उ. कॅल्शियम. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. पक्ष्यांना चालणारं कॅल्शियम घरात असेल तर किती द्यायचं ते फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. कोंबडी मलूल असेल तर चोचीत काहीही ओतू नका.

ऊ. अंधार, ऊब, एकांत. खोक्यात मऊ अंथरूण, वर कापड, जवळ पाणी. दर पाच मिनिटांनी कापड उचलून बघायचा मोह आवरा. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते.

तासा-दोन तासांत अंडं आलं तर छान. ती दिवसभर वेगळीच राहू द्या. अंघोळ एकदा परत देता येते. तरीही काही झालं नाही तर दवाखाना. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन, नलिका आकुंचन पावण्यासाठीचं औषध, गरज पडली तर भूल देऊन अंड्यातला द्रव सुईने ओढून घेणं, असे उपाय असतात.

एक गोष्ट कधीही करू नका: अंडं आतच फोडणं किंवा पोट दाबून ढकलणं. कवचाच्या धारदार तुकड्यांनी नलिका फाटते, जंतुसंसर्ग होतो, आणि दाबल्यामुळे अंग, म्हणजे नलिकेचा आतला भाग, बाहेर येऊ शकतं. व्हिडिओत कुणीतरी हे सहज करताना दिसतं. त्या कोंबडीचं पुढच्या आठवड्यात काय झालं ते व्हिडिओत नसतं.

कोंबडी बरी झाल्यावर कारण शोधा. पहिल्यांदा अंड्यावर आलेली तलंग (तरुण कोंबडी), खूप मोठं किंवा दोन बलकांचं अंडं, वाढलेलं वजन, कॅल्शियमची कमतरता, वय. कारण तसंच राहिलं तर हे परत होतं.

## ५. अंग बाहेर आलं तर

अंडं घालताना आतला गुलाबी भाग क्षणभर बाहेर दिसतो आणि लगेच आत जातो. ते नेहमीचं आहे. तो बाहेरच राहिला तर मात्र पहिलं काम म्हणजे कोंबडी वेगळी करणं. लाल, ओलं काही दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात, आणि टोचून आतडी बाहेर काढेपर्यंत थांबत नाहीत. हे लिहायलाही नको वाटतं, पण वाचून ठेवलेलं बरं.

कोमट सलाइनने धुवा, वरची घाण निघू द्या, भरपूर जेली लावून भाग ओला ठेवा. तो ताजा, गुलाबी आणि लहान असेल तर हातमोजा घालून बोटाने हळूच आत सारता येतो आणि एखाद-दोन मिनिटं तसाच धरावा लागतो. आत अंडं असेल तर आधी ते निघालं पाहिजे. भाग काळसर पडला असेल, फाटला असेल किंवा पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर ते घरी होण्यासारखं काम नाही. माणसांसाठीची बधिर करणारी मलमं लावू नका, पक्ष्यांना ती बाधू शकतात.

पुढचे काही दिवस तिला कमी उजेडात ठेवतात, आठ तासांहून कमी, म्हणजे अंडी थांबतात आणि तो भाग सावरतो.

## ६. कोंबडी मजेत आहे, पण अंडी नाहीत

बहुतेक वाचक खरं तर या पायरीवरचे असतात. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. क्रम असा लावलाय की फुकटातली, सोपी कारणं आधी.

अंडी दुसरीकडे आहेत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या झुडपात, लाकडांच्या ढिगामागे, गवतात घरटं करतात. दोन-तीन दिवस दुपारपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवा. खोक्यात अंडी दिसली तर कोडं सुटलं. सापडलेल्या ढिगातली अंडी किती जुनी ते कळत नाही, त्यामुळे ती खाऊ नका. खोकाही तपासा: साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद, अंधारा, कोरडा, दांडीपेक्षा खाली, आणि चार-पाच कोंबड्यांमागे एक. खोका दांडीपेक्षा उंच असेल तर त्या खोक्यातच झोपतील आणि तो घाण करतील.

वय. संकरित जाती १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, वजनदार आणि गावठी जाती कितीतरी उशिरा, सहा-सात महिन्यांनीही. तलंगेचा तुरा लाल झाला, ती तुम्ही जवळ गेल्यावर खाली बसायला लागली की दिवस जवळ आले. दुसऱ्या टोकाला, दोन वर्षांनंतर अंडी दरवर्षी कमी होत जातात. पाच वर्षांच्या कोंबडीने उन्हाळ्याच्या तोंडावर थोडी अंडी दिली तर कौतुक करा, तक्रार नको.

उजेड. जोमाने अंडी द्यायला कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. गंमत म्हणजे हा उजेड तिला नुसता डोळ्यांनीच कळत नाही. कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा प्रकाशही तिच्या शरीराला ऋतू सांगतो. दिवस लहान झाले की अंडी घटतात. दिवा लावायचा असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात अडकतात. वेळ आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त वाढवू नका, आणि वाढीच्या वयातल्या तलंगांना तर जास्तीचा उजेड देऊच नका. शरीर तयार नसताना अंडी सुरू झाली की अंग बाहेर येण्याचा धोका असतो. माझं विचाराल तर घरच्या कोंबड्यांना दिवा लावायची गरज नाही. थंडीतली सुटी त्यांना मानवते.

पिसं झडणं. साधारण दीड वर्षाच्या झाल्यावर, आणि मग दरवर्षी, कोंबड्या जुनी पिसं टाकून नवी घालतात. सुरुवात डोकं आणि मानेपासून होते. याला आठ ते बारा आठवडे लागतात आणि तोवर अंडी बंद. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे या काळात वीस टक्के प्रथिनांचं खाद्य द्या आणि उगाच उचलून घेऊ नका. नवे कोंब दुखरे असतात.

खुडूक. कोंबडी खोक्यातून हलत नाही, हात घातला की फुगून गुरगुरते, छातीची पिसं उपटलेली. ती रवणीला बसलीय, आजारी नाही. फलित अंडी खाली असतील तर २१ दिवसांत पिल्लं निघतील. नसतील तर ती रिकाम्या खोक्यात आठवडेच्या आठवडे बसते, जेमतेम खाते आणि वजन घालवते, म्हणून मोडता घालायचा. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उचलून ठेवा, त्यात अंथरूण नको, खाद्य-पाणी हवं. पोटाखालून वारा खेळला की तीन-चार दिवसांत ती विसरते. गार पाण्यात बुचकळून काढायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकून सोडून द्या.

पाणी. अंड्यात जवळपास तीन-चतुर्थांश पाणीच असतं. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उकाड्यात त्याच्या दुप्पट. भांडं कलंडलं आणि दिवसभर कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचे कित्येक दिवस अंडी घटतात. पाण्याची दोन भांडी ठेवा, म्हणजे दांडगी कोंबडी एकावर पहारा देत बसली तरी बाकीच्यांना दुसरं मिळतं.

रात्रीचे पाहुणे. टॉर्च यासाठी. लाल माइट (अगदी बारीक किडे) दिवसा दांडीच्या सांध्यांत, फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवा. लालसर रेघा उमटल्या तर ते आहेत. त्यांचा बंदोबस्त करताना औषध नुसतं कोंबडीवर मारून उपयोग नाही, खुराड्याच्या फटी साफ कराव्या लागतात आणि आठवड्याभराने परत, कारण माइटची अंडी उबतात. उवा आणि दुसऱ्या जातीचे माइट अंगावरच राहतात. ते बघायला गुदद्वाराभोवतीची पिसं फाकवा.

खाद्य. हे मुद्दाम शेवटी. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि ३.५ ते ४.५ टक्के कॅल्शियम असलेलं लेयर खाद्य लागतं, दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम. लाडाने घातलेलं धान्य आणि उरलंसुरलं दहा टक्क्यांच्या वर गेलं की हा हिशेब कोलमडतो. कोंबडी आधी आवडीचं खाते, मग तिला भूक राहत नाही. आणि पोटात चरबी साठलेल्या कोंबडीचं अंडंही अडकतं, यकृतही बिघडतं. लाड करा, पण संध्याकाळी आणि मूठभर.

एवढं करूनही नेमकी कोणती कोंबडी थांबलीय ते कळत नसेल तर हाताने तपासा. पायरी ४ मधल्या त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं आडवी बसली आणि गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट असेल तर ती अंड्यावर आहे. एकच बोट बसतंय, गुदद्वार लहान आणि कोरडं आहे, तर तिने सध्या काम थांबवलंय.

## ७. अंडं आलं, पण विचित्र

मऊ किंवा बिनकवचाचं. नव्या तलंगेची सुरुवातीची एखाद-दोन अंडी अशी आली तर सोडून द्या, यंत्र अजून जुळतंय. मोठ्या कोंबडीचं असं वारंवार होत असेल तर आधी शिंपल्यांचा चुरा. तो वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती खाते. चुरा जाडसर हवा, पीठ नको, आणि झोपायच्या आधी समोर असेल तर उत्तम. जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि कवच बनत असताना रात्रभर कॅल्शियम पुरवतात. दाणे दळायला लागणारे बारीक खडे ही वेगळी गोष्ट आहे, त्यातून कॅल्शियमची गरज भागत नाही. पिल्लांना आणि लहान तलंगांना लेयर खाद्य देऊ नका. एवढं कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं बिघडवतं.

चुरा खाऊनही कवच पातळ राहिलं तर ऊन मिळतंय का बघा. ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि उकाडा आहे का? कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठीची रसायनं बिघडतात. अशा वेळी कितीही शिंपले घाला, कवच सुधारतं ते सावली, वारा आणि गार पाण्याने.

मधोमध कंगोरा, वेढा पडलेला. कवच बनत असताना ते आत तडकलं आणि परत सांधलं गेलं. संध्याकाळी-रात्री खुराड्यात धावपळ, कुत्रा, मांजर, दाटीवाटी झाली का ते आठवा.

सुरकुतलेलं कवच, पाण्यासारखा पांढरा भाग. एखादं अंडं असं असेल तर दुर्लक्ष करा. अनेक कोंबड्यांचं एकदम असं झालं, सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर संसर्गजन्य ब्राँकायटिसचा संशय घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

बलकावर रक्ताचा ठिपका, दोन बलक, लिंबाएवढं बिनबलकाचं अंडं. काही नाही. खाता येतं. ठिपका दिसला म्हणून अंडं फलित आहे असंही नाही.

कवचावर रक्त. तलंगेच्या पहिल्या अंड्यांवर चालतं. सतत दिसलं तर कोणी मागून टोचतंय का आणि अंग बाहेर येतंय का ते तपासा.

थरांचा, पिवळसर, रबरी गोळा. कापल्यावर शिजलेल्या मांसासारखं दिसतं. हे अंडं नव्हे, अंडनलिकेतल्या संसर्गाचा घट्ट झालेला पू आहे. कोंबडी वरून ठीक दिसली तरी दाखवा, आणि गोळा डबीत घालून सोबत न्या.

## ८. अंडी फोडून खाणं

हे एका फुटलेल्या पातळ अंड्यापासून सुरू होतं, म्हणून आधी कवच सुधारा. दिवसातून दोन-तीनदा अंडी उचला, खोका अंधारा करा, अंथरूण जाड ठेवा. लाकडाची किंवा चिनी मातीची खोटी अंडी ठेवली की टोचून टोचून कंटाळतात. मुरलेल्या सवयीवर तळ उतरता असलेला खोका हाच खरा इलाज. अंडं घरंगळत तिच्या चोचीपासून दूर जातं. कोंबड्यांना अंड्याची कवचं देत असाल तर वाळवून पूर्ण चुरडून द्या.

## ९. हळूहळू वाढणारं दुखणं

अडकलेलं अंडं काही तासांत कोंबडीला आडवं करतं. आठवड्या-आठवड्यांनी वाढणारं पोट ही वेगळी गोष्ट. बलक कधीकधी नलिकेत न पडता पोटाच्या पोकळीत पडतो. तो शोषला गेला तर ठीक. त्यात जंतू शिरले की पोटात दाह होतो, पाणी साठतं. पोट टम्म, हाताला मऊ, छातीचं हाड मात्र टोचायला लागलेलं. कोंबडी खोक्यात जाते, अंडं येत नाही, तुरा फिका पडतो. वजनकाटा आणि वही इथे कामी येतात. वयस्क कोंबड्यांत अंडाशयाच्या गाठींनीही असंच दिसतं, आणि त्या कोंबड्यांत चांगल्याच आढळतात.

हे घरी बरं होत नाही. डॉक्टर पोटातलं पाणी काढून, प्रतिजैविकं देऊन आराम देऊ शकतात. काही ठिकाणी अंडी थांबवणारं हार्मोनचं रोपण मिळतं, पण त्याचा परिणाम काही महिने टिकतो आणि ते खाण्यासाठीच्या पक्ष्यांत वापरायला सगळीकडे परवानगी नसते. कधीकधी तिला शांतपणे जाऊ देणं हाच बरा पर्याय असतो, आणि डॉक्टरांना तो स्पष्ट विचारायला संकोच करू नका.

दुखणं असं येतं त्यामागे आपण निवडलेली जातही असते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांचं शरीर सतत याच कामाला जुंपलेलं असतं. फक्त सोबतीसाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर कमी अंडी देणारी जात घ्या. ती बहुधा जास्त वर्षं निरोगी राहते.

## १०. दवाखान्यात जाताना

सोबत वही, शेवटची विचित्र अंडी, ताज्या शीटेचा फोटो आणि खाद्याच्या पिशवीवरच्या माहितीचा फोटो न्या. कोंबडीचं वय, शेवटचं अंडं कधी आलं, शेवटची शीट कधी झाली, काय काय देऊन झालं, हे विचारण्याआधीच सांगा. खोक्यात टॉवेल घाला आणि वरून झाका. अंधारात ती शांत बसते.

कळपातल्या अनेक कोंबड्यांची अंडी एकदम थांबली आणि सोबत तोंड सुजणं, तुरा निळसर पडणं, मान वळणं, हिरवट हगवण किंवा अचानक मरतूक असेल तर कोंबडी उचलून दवाखान्यात नेऊ नका. हा बर्ड फ्लू किंवा मानमोडी, म्हणजे रानीखेत, असू शकतो. फोनवर डॉक्टरांना आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा, मेलेली कोंबडी उघड्या हाताने हाताळू नका, आणि त्यांचा निरोप येईपर्यंत एकही पक्षी आत-बाहेर करू नका.

औषध लिहून दिलं की तिथेच विचारा, ‘अंडी किती दिवस खायची नाहीत?’ बऱ्याच प्रतिजैविकांचा आणि काही जंतनाशकांचा अंश अंड्यात उतरतो, आणि काही औषधं अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मंजूरच नसतात. सांगितलेले दिवस वहीत लिहा. तेवढ्या काळातली अंडी टाकून द्यायची. ती कोंबड्यांना परत खायला घालायची नाहीत आणि शेजाऱ्यांनाही द्यायची नाहीत.